इथं गाणी भरून मिळतील

ताई, नमस्कार.

शिरोळ तालुक्यातल्या एका बाजारगावात माझं मोबाइलचं छोटं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, स्क्रीनगार्ड, आणि गेली चौदा वर्षं एक पाटी : ‘मेमरी कार्ड, पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून मिळतील.’ एके काळी दिवसाला तीस-चाळीस कार्डं भरायचो. नेट स्वस्त झाल्यापासून गिऱ्हाईक कमी झालं, पण ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरवाले येतातच. चार जीबी भरायचे पन्नास रुपये.

मुलगी कोल्हापुरात लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला आली, काउंटरवर बसली आणि पाटीकडं बघून म्हणाली, “पप्पा, ही चोरी आहे. पाटी लावून केलेली.” आधी मी हसण्यावारी नेलं, मग चिडलो. म्हटलं, मी कुणाच्या खिशात हात घातला नाही, कुणाचं घर फोडलं नाही. गाणं होतं तिथंच आहे. तुझी फी याच पाटीवर भरली. ती गप्प बसली. तेव्हापासून फोनवर जेवढ्यास तेवढं बोलते.

खरी गोष्ट पुढंच आहे. मागच्या महिन्यात एक वयस्कर गृहस्थ आले. आमच्या भागात जत्रेत गाणारे शाहीर. म्हणाले, “अठ्ठ्याण्णव साली माझी कॅसेट निघाली होती. कंपनी बंद पडली. माझ्याकडं एकपण राहिली नाही. तुमच्यात कुठं घावतंय का बघा की.” मी ‘लोकगीत मिक्स ३’ हा फोल्डर उघडला. आत नावं नव्हतीच, ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ असंच सगळं. एकेक लावत गेलो. ट्रॅक ०७ लागला आणि ते म्हणाले, “हा मी.” सगळी मिळून बारा गाणी निघाली. पेनड्राइव्हवर भरून दिली आणि सवयीनं पन्नास रुपये घेतले. त्यांनीही मुकाट दिले.

रात्री झोप लागेना. ताई, मी चोर आहे का? आणि आता करू काय?

— एक दुकानदार, शिरोळ तालुका


भाऊ,

आधी लेकीला सांगा, की पेपरात ‘ही चोरी आहे’ असं लिहिलंस तर मार्क कापले जातील. तेवढ्यापुरते तुम्ही जिंकलात. पण लगेच फोन लावू नका, पुढचं वाचा.

चोरीची व्याख्या आपल्याकडे १८६० पासून चालत आली आहे, भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ मधली. १ जुलै २०२४ ला तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिथं ते कलम ३०३ झालं, व्याख्या जवळपास तीच राहिली. वस्तू जंगम, म्हणजे हलवता येणारी हवी, दुसऱ्याच्या ताब्यातली हवी, आणि त्याला न विचारता, लबाडीनं घेण्यासाठी ती तुम्ही जागची हलवायला हवी. सायकल पळवली की मालकाला पायी घरी जावं लागतं. गाण्याची कॉपी केली तर गाणं मालकाकडं असतंच. तुम्ही काउंटरवर रागाच्या भरात जे बोललात, तेच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली चांगलं विस्तारानं लिहिलं. एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्यांच्या बिनपरवाना रेकॉर्डी छापून टपालानं विकणाऱ्या एका माणसाचा तो खटला. सरकारनं त्याच्यावर ‘चोरीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेला’ असंही कलम लावलं होतं. न्यायालयानं ते काढून टाकलं. कॉपीराइटचा भंग हा वेगळा प्रकार आहे, त्यात मालकाची वस्तू त्याच्या हातून जात नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. कॉपीराइटभंगाचा गुन्हा मात्र त्याच्या माथ्यावर राहिला तो राहिलाच.

तुमच्याही राहील. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. गंमत बघा, साध्या चोरीला पहिल्या खेपेला जास्तीत जास्त तीनच वर्षं, आणि कमीत कमी किती याची अटही नाही. गाण्याच्या कॉपीला खालची हद्दसुद्धा घालून ठेवलेली आहे. मे २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. फौजदार वॉरंटशिवाय येऊन तुमचा कॉम्प्युटर उचलू शकतो. महाराष्ट्रानं तर आणखी पुढची मजल मारली. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांना खटल्याआधीच स्थानबद्ध करता यावं म्हणून १९८१ चा जो कायदा आहे, त्यात २००९ साली ‘व्हिडिओ पायरेट’ घातले. हातभट्टीवाल्याच्या शेजारी सिनेमाची सीडी विकणारा. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. ‘चोर नाही’ म्हणजे ‘निर्दोष’ असं तुम्ही मनात धरून बसला असाल, तर ते तेवढं सोडून द्या.

आता तुमच्या पाटीकडं येऊ. कलम ६३ ला एक पुस्ती जोडलेली आहे, आणि माझ्या मते सगळी मेख तिथं आहे. धंद्याच्या ओघात फायद्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून किमान शिक्षेहून कमी शिक्षा देऊ शकतं. शिवाय कलम ५२ मध्ये स्वतःच्या खासगी वापरापुरता रास्त वापर मान्य केलेला आहे. त्याची हद्द कुठं संपते यावर वकील मंडळी भांडत असतात, ते सोडा. पण मित्राकडून चार गाणी घेऊन घरात ऐकणारं पोर आणि चौदा वर्षं पाटी लावून पन्नास रुपयाला चार जीबी विकणारा दुकानदार, यांना कायदा एका मापानं मोजत नाही. मीही मोजत नाही. तुमचा मुद्दा होता ‘मी कुणाच्या खिशात हात घातला नाही’. खरं आहे. पण दुसऱ्याच्या गाण्यावर स्वतःचा गल्ला भरलात, हेही खरं आहे. याला चोरी म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्याच्यावर आपला हक्क नाही अशा मालाचा व्यापार म्हणा. नाव सौम्य वाटतं, पण करणारा रोज सकाळी शटर उघडून करत असतो.

कंपन्यांना मात्र ‘चोरी’ हाच शब्द लागतो. झोंबतो ना तो. ‘पायरेट’ म्हणजे तर थेट समुद्रावरचे चाचे, जहाज लुटून गळे कापणारे. तिकडं लंडनच्या छापखानेवाल्यांनी तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी एकमेकांच्या पुस्तकांच्या चोरट्या आवृत्त्यांना हा शब्द लावला, तो आजवर चिकटून आहे. शब्द मोठा झाला की आकडेही मोठे होतात. मिनेसोटातल्या एका बाईनं इंटरनेटवर २४ गाणी इतरांना खुली केली म्हणून खटला झाला. २००७ मध्ये ज्यूरीनं २ लाख २२ हजार डॉलर भरपाई ठरवली. फेरखटल्यात, २००९ साली, १९ लाख २० हजार. म्हणजे एका गाण्याला ऐंशी हजार डॉलर, जे गाणं तेव्हा ऑनलाइन दुकानात ९९ सेंटला मिळत होतं. बरीच वर्षं झगडून शेवटी पुन्हा २ लाख २२ हजारावर आलं. अशा हिशेबामागं एक गृहीत असतं, की कॉपी केलेलं प्रत्येक गाणं म्हणजे बुडालेली विक्री. तुमच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारा. चार जीबीत आठशेच्या आसपास गाणी मावतात. पेनड्राइव्ह भरून मिळालं नसतं तर तो आठशे गाणी विकत घेणार होता का? तो रेडिओ लावून ऊस वाहणार होता.

पण म्हणून नुकसान शून्य, असंही नाही. आणि इथं मला तुमच्याच दरबारची एक गोष्ट आठवते. अल्लादियाखाँसाहेब शाहूमहाराजांच्या पदरी कोल्हापुरात होते. जयपूर घराण्याचा हा एवढा मोठा गवई, पण त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. त्या काळच्या उस्तादांना धास्ती असायची, की तबकडी निघाली की आपली चीज, आपली जागा कुणीही ऐकून उचलणार. ‘उचलली’ हाच शब्द गवयांच्या तोंडी असतो. अमक्यानं आमची बंदिश उचलली. म्हणजे गाणं चोरीला जातं ही भावना काही कंपनीच्या वकिलानं शोधून काढलेली नाही. फक्त गवयाच्या डोळ्यांपुढचा चोर वेगळा होता. ऐकणारा नव्हता तो. तो दुसऱ्या मैफलीत बसून तीच चीज आपली म्हणून गाणारा होता.

वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्या कुणालाही सालोमालो माहीत असतो. तुकोबांचे अभंग घेऊन आपल्या नावानं खपवणारा. तुकोबा तर शब्दांचं धन लोकांत वाटायला निघालेले, अभंग कुणी गावा याला त्यांची ना नव्हती. सालोमालोवर ते चिडले ते ‘तुका म्हणे’ खोडल्यावर. मला वाटतं तुमची झोप उडाली ती याच जागी. पन्नास रुपये हे निमित्त. तुम्ही कुणाचं नाव खोडलंत असं नाही, ते तुमच्याकडं यायच्या आधीच कुठंतरी गळून पडलं होतं. पण चौदा वर्षं तुम्ही ‘ट्रॅक ०७’ विकत राहिलात, आणि एक दिवस ट्रॅक ०७ स्वतः चालत येऊन काउंटरपुढं उभा राहिला.

शाळेत फळ्यावर एक सुभाषित लिहिलेलं असायचं. न चोरहार्यं न च राजहार्यम्. विद्येचं धन चोर नेत नाही, राजा नेत नाही, खर्च केलं की वाढतं. फुकट गाण्याची बाजू घेणारे शिकलेले लोक हे सुभाषित हटकून तोंडावर फेकतात. सुभाषितकार विद्येबद्दल बोलत होता. विद्वानाच्या बिदागीबद्दल त्यानं चकार शब्द काढलेला नाही.

आणि बिदागीची गोष्ट काढलीच आहे, तर तुमच्या बाजूचंही एक सांगून टाकते. तुम्ही कंपनीची एक कॅसेट बुडवली असं धरून चालू. त्या कॅसेटचे पैसे शाहिरांच्या घरी गेले असते का? बहुधा नाही. खेडोपाडी कॅसेटवाल्या कंपन्यांचा रिवाज एकरकमी होता. या, गा, इतके घ्या, इथं सही करा. पुढं कॅसेट दहा खपो की दहा लाख. हा वाद थेट वरपर्यंत होता. १९६० च्या दशकात लताबाई आणि रफीसाहेबांचं रॉयल्टीवरूनच बिनसलं. बाई म्हणत, रेकॉर्ड विकली जातेय तोवर गाणाऱ्याला वाटा हवा. रफीसाहेब म्हणत, गाण्याचे पैसे घेतले, व्यवहार मिटला. पुढची काही वर्षं ती दोघं एकत्र गायलीच नाहीत. जिथं लताबाईंना भांडावं लागलं, तिथं जत्रेतल्या शाहिराला कोण विचारतो? कायद्यानं दखल घ्यायला २०१२ साल उजाडलं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला. आता गीतकार-संगीतकारानं हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीचा समान वाटा त्याला सोडून देताच येत नाही, कागदावर काहीही लिहिलेलं असो. गायकांनाही वाटा मिळाला. पण १९९८ च्या त्या कॅसेटवेळी यातलं काही नव्हतं.

म्हणून ‘आम्ही कलाकारांसाठी लढतोय’ असं एखादी कंपनी म्हणते तेव्हा मला हसू येतं. आणि ‘नाहीतरी कलाकाराला काय मिळणार होतं’ असं कॉपी करणारा म्हणतो तेव्हा हसू येत नाही. एकानं मजुरी बुडवली म्हणून दुसऱ्यानंही बुडवायला तो मजूर मोकळा होत नाही.

माझंही पाप सांगते, म्हणजे मी वरून बोलतेय असं वाटणार नाही. ऐंशीच्या दशकात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ‘रेकॉर्डिंग सेंटर’ होतं. कोरी कॅसेट न्यायची, सोबत वहीच्या पानावर गाण्यांची यादी, आणि चार दिवसांनी जायचं. तो माणूस त्याच्याकडच्या रेकॉर्डींवरून आपली चौदा-पंधरा गाणी उतरवून द्यायचा. सगळं बेकायदा. आम्ही कुणीही, माझे शिक्षक वडीलसुद्धा, त्याला गुन्हा समजत नव्हतो. भाचीच्या लग्नात अहेर म्हणून अशी कॅसेट दिलेली मला आठवते. माझ्याकडची एक अजून कपाटात आहे, टेप ताणली गेलीय, गाणं मध्येच रडतं. पण तिच्या आतला कागद काढून बघितला तर त्या माणसानं निळ्या शाईनं, शाळामास्तरासारख्या अक्षरात, प्रत्येक गाण्यापुढं लिहिलंय : गीत अमुक, संगीत अमुक, स्वर अमुक. आकाशवाणीवर ऐकून ऐकून त्याला ती सवय लागली असणार. त्यामुळं त्याचा गुन्हा कमी होत नाही. पण ज्यांचं घेत होता त्यांची नावं त्याला पाठ होती.

आता करायचं काय, ते सांगते.

पाटी उतरवा. हंगाम संपल्यावर नाही, आत्ता. नुकसान किती होईल ते तुम्हीच लिहिलंय, गिऱ्हाईक तसंही आटलंय. त्याऐवजी तुम्हाला जे येतं ते विका. गावातल्या अर्ध्या लोकांना गाण्याचं ॲप टाकता येत नाही, खातं उघडता येत नाही, ब्लूटूथ जोडता येत नाही. ते करून द्या आणि त्या कामाचे तीस-चाळीस रुपये हक्कानं घ्या. जाहिराती सोसून फुकट ऐकलं तरी मागं कुणाला ना कुणाला चिल्लर पोचते. पैसे भरलेल्या खात्यात गाणी उतरवून ठेवता येतात, शेतात रेंज नसली तरी वाजतात. ट्रॅक्टरवाला कुरकुरेल. कुरकुरू दे. दोन हंगामांत तोही शिकेल, आणि नाही शिकला तर शेजारच्या दुकानात जाईल. हा तोटा तुम्हाला सोसायचा आहे. त्यावर मलम माझ्याकडं नाही.

काहीतरी भरून द्यायचंच असेल तर कायद्यानं मोकळं झालेलं आहे ते द्या. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यावर ६० वर्षांनी मोकळं होतं. पण नुसतं ध्वनिमुद्रण मोकळं होऊन भागत नाही. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, आणि ते लिहिणाऱ्याच्या, बांधणाऱ्याच्या मरणानंतर ६० वर्षं टिकतात. सौभद्रातली पदं घ्या. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, त्यांच्या शब्दांवर आता कुणाची मालकी नाही. ती पदं शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीवर असतील तर खुशाल द्या. तेच पद गेल्या वर्षी एखाद्या नव्या मुलीनं गाऊन ध्वनिमुद्रित केलं असेल, तर तिचं ते ध्वनिमुद्रण देता येणार नाही. उसाच्या ट्रॅक्टरवर सौभद्र कुणी लावणार नाही हे मलाही कळतं. तरी हा फरक तुम्हाला ठाऊक असावा, कारण पुढच्या कामात तो लागणार आहे.

पुढचं काम शाहिरांचं. ते पन्नास रुपये पाकिटात घालून परत द्यायला जाऊ नका. त्यांना ओशाळं वाटेल आणि तुम्हाला उगाच हलकं वाटेल. शिवाय खरं सांगू? चौदा वर्षांत भरलेल्या सगळ्या कार्डांपैकी मला सगळ्यात कमी खटकतं ते हेच. तुम्ही बसून एकेक गाणं लावत त्यांची बारा गाणी शोधून दिलीत. कंपनी बुडाली, कॅसेटींना बुरशी लागली, गाणाऱ्यापाशी स्वतःचा आवाज उरला नाही, आणि तो सापडला कुठं, तर तुमच्या बेकायदा फोल्डरात. गावोगावच्या कितीतरी लोकगायकांचं गाणं असंच कॉपीवरच्या कॉपीवर जगलेलं आहे. ही बाजू तुमच्या लेकीलाही मान्य करावी लागेल.

त्यांच्याकडं जा आणि विचारा : शब्द कुणाचे? चाल कुणाची? कंपनीला सही करून दिलेला कागद आहे का? हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. त्या ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीची असणार, आणि १९९८ ची कॅसेट म्हणजे ती २०५८ अखेरपर्यंत चालणार. कंपनी बंद पडली म्हणून माल बेवारस होत नाही, कुणीतरी तो विकत घेतलेला असू शकतो. पण शब्द शाहिरांचे स्वतःचे असतील, चाल त्यांची किंवा परंपरेतली असेल, आणि हक्क लिहून दिल्याचा सहीचा कागदच नसेल, तर शब्द आजही त्यांचेच आहेत, आणि चाल त्यांची नाहीतर सगळ्यांची. कॉपीराइट तोंडी देता येत नाही, लेखी आणि सहीनंच द्यावा लागतो. कागद असला तरी तो नीट वाचायला हवा. मे १९९५ नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो. म्हणजे केव्हाच संपली असू शकते. मग त्यांना ती बाराच्या बारा गाणी नव्यानं गाऊन, स्वतःच्या नावावर ध्वनिमुद्रित करून नेटवर टाकता येतील. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, तिचं सभासद होता येतं.

हा कागद वाचणार कोण? तुमच्या घरात लॉच्या दुसऱ्या वर्षाला एक बसलेली आहे. शेवटचा शब्द एखाद्या जाणत्या वकिलाकडून घ्याच, पण पहिलं वाचन तिच्याकडून करून घ्या. फोन करा. भाषण नको. ‘तू म्हणालीस ते पूर्ण बरोबर नाही आणि माझंही नाही, पण एक कागद वाचायचाय, येतेस का’ एवढं पुरे.

आणि तेव्हाच एक वाक्य परत घ्या. ‘तुझी फी याच पाटीवर भरली.’ तिनं हिशेब मागितला नव्हता, भाऊ. वाल्या कोळ्यानं निदान घरी जाऊन विचारलं होतं, माझ्या पापात वाटेकरी होणार का म्हणून. तुम्ही तर न विचारताच वाटणी करून टाकलीत. ती गप्प आहे ती रागानं नसेल. आपण ज्या फीवर कायदा शिकतोय ती कुठून आली, हे तिच्या डोक्यात घर करून बसलं असेल. त्याचं उत्तर तिला तुमच्याकडून हवंय, आणि ते उत्तर ‘तेव्हा मला दुसरं सुचलं नाही’ इतकं साधं असलं तरी चालेल. खोटं नसावं म्हणजे झालं.

शाहीर पुन्हा आले की चहा मागवा आणि कॉम्प्युटर त्यांच्याकडं फिरवा. ‘लोकगीत मिक्स ३’ मधून ती बारा गाणी वेगळी काढा, त्यांच्या नावाचा फोल्डर करा, आणि एकेका फाइलीला गाण्याचं नाव द्या. ट्रॅक ०७ चा पहिला शब्द काय, ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. क्रमही त्यांनाच विचारा. कॅसेटची अ बाजू कुठं संपत होती आणि ब बाजूला पहिलं काय होतं, हे त्यांच्याशिवाय आता कुणाला सांगता येणार नाही.